मूळ कळप

उंबरविहीरच्या टेकडीवर गाडी चढत होती आणि डॉ. श्रावस्ती रामटेके मांडीवरच्या डबीकडे तिसऱ्यांदा बघत होती. डबीवरचा निकाल काही बदलत नव्हता. 'मूळ कळप: डोमाजी अवथळे, उंबरविहीर. खात्री ९३ टक्के.'

श्रावस्ती करंजखेड तालुक्याची पशुवैद्यकीय अधिकारी. नोकरीला लागून दोन वर्षं होत आली होती, अजून कायम व्हायची होती. गाडी चालवत होता कवडू कोडापे. दवाखान्यात परिचर म्हणून त्याची पंचवीस वर्षं झाली होती आणि तालुक्यातलं प्रत्येक जनावर तो मालकाच्या नावासकट ओळखत असे.

लाळ्या-खुरकूत हा रोग काही नवा नाही. जनावराच्या जिभेवर, हिरड्यांवर, खुरांच्या बेचक्यात फोड येतात, तोंडातून लाळ गळते, खाणं सुटतं. मोठी जनावरं बहुधा वाचतात, लहान वासरं दगावतात. पसरतो मात्र वणव्यासारखा. पूर्वी लोक रोग लपवायचे, रातोरात जनावरं दुसऱ्या बाजारात नेऊन विकायचे. म्हणून चार वर्षांपूर्वी नवी नियमावली आली. तिच्यातलं सगळ्यात कडक कलम मूळ कळपाचं होतं. ज्या कळपातल्या जनावरानं साथ पसरवली असं सिद्ध होईल, तो अख्खा कळप दीड वर्षासाठी दूरच्या सरकारी विलगीकरण तळावर जायचा आणि मालकाचा चराईचा परवाना कायमचा रद्द व्हायचा.

सिद्ध करणार कोण, तर ही डबी. खात्यातलं नाव 'वंशदर्शी', गावातलं नाव 'खबऱ्या'. जेवणाच्या डब्याएवढी. आजारी जनावराची लाळ तिच्यात घातली की चाळीस मिनिटांत ती विषाणूची पूर्ण लिपी वाचायची. ही लिपी साधारण आठ हजार तीनशे अक्षरांची. विषाणू जनावराच्या अंगात वाढतो तेव्हा स्वतःची नक्कल करत जातो, आणि नक्कल करताना कुठंतरी एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या सगळ्या नकलांत उतरते. पुढच्या जनावरात आणखी एखादी चूक पडते. तोंडोतोंडी पाच गावं फिरलेल्या निरोपात कुठल्या गावात कुठला शब्द बदलला हे कळलं, तर निरोप कुठून कुठं गेला तेही सांगता येईल. खबऱ्या नेमकं हेच करायचा. चुका मोजायचा, त्यांची वंशावळ मांडायचा, जनावरांच्या कानातल्या बिल्ल्यांवरून कोण कधी कुठं गेलं हे ताडून बघायचा आणि एक नाव सांगायचा.

आज त्यानं डोमाजीचं नाव सांगितलं होतं.

डोमाजी अवथळे साठीचा गवळी. त्याच्याकडे गवळाऊ जातीची एकतीस जनावरं होती, पांढरीशुभ्र, लांब तोंडाची, काटक. शुद्ध गवळाऊ आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कळप उरले होते, आणि त्याचा सांड कापऱ्या तर तीन तालुक्यांत नावाजलेला. आसपासच्या गावांत गाई लावायला कापऱ्यालाच नेत.

गाडी थांबली तेव्हा डोमाजी कुंपणाशीच उभा होता. मागे गुरांच्या कोठ्यात त्याची बायको तुळसाबाई एका गाईला बांबूच्या नळीनं तांदळाची पेज पाजत होती. गाईच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती.

"बाई, दोन वासरं गेली काल," डोमाजी म्हणाला. "अजून दोघांचं खरं दिसत नाई."

श्रावस्तीनं आधी जनावरं बघितली. गमबूट सोड्याच्या पाण्यात बुडवले, नवा अंगरखा चढवला, हातमोजे घातले, एकेकीची जीभ बाहेर ओढून पाहिली. मग कुंपणाशी येऊन तिनं निकाल सांगितला. सांगताना डबीकडे बघितलं, त्याच्याकडे नाही.

डोमाजी चिडेल असं तिला वाटलं होतं. तो नुसता कुंपणाच्या बल्लीला धरून उभा राहिला.

"वामनचा फोन आलता सकाळी," तो म्हणाला. धामणखेड्याचा वामन ढगे म्हणजे त्याचा जुना मित्र. साथीचं पहिलं जनावर सापडलं ते ढग्याच्या कोठ्यात. "म्हणे, तुझ्या सांडानं मायं वाटोळं केलं. चाळीस वर्षांची दोस्ती आमची. त्याले कोणं सांगतलं, बाई? तुमी त आता सांगून राह्यल्या."

"निकाल आपोआप वर जातो, काका. तिथून गावातल्या लोकांच्या मोबाइलवर येतो."

"बरं. खबऱ्या म्हंते त मी मानतो. पण मले एक सांगा. माया सांड टेकडी उतरून परत आला त्याले आज अठरा दिवस झाले. तवापासून इथून कोणी खाली गेलं नाई, खालून जनावर वर आलं नाई. पाणी आमचं येगळं, चराई येगळी. आणि मायी गुरं सगळ्यायच्या मागून पडली. मंग रोग टेकडी चढला कसा? तेवढं समजून सांगा, मी सही करतो."

त्यात रडणं नव्हतं, विनवणीही नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. श्रावस्तीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की उत्तर आपल्यालाही माहीत नाही.

"निकालावर सही करायला मला तीन दिवस आहेत," ती म्हणाली. "मी बघते."

दवाखान्यात परतल्यावर तिनं खबऱ्याची वंशावळ मोठ्या कागदावर छापून घेतली आणि टेबलावर पसरली. शेजारी तालुक्याचा नकाशा. दुपारचे बारा वाजले होते, पंखा गरम वारा फेकत होता.

साथ पाच कळपांत होती. ढगे, पारिसे, नेहारे, इंगळे आणि अवथळे. खबऱ्याचं म्हणणं सरळ होतं. काही जनावरं स्वतः आजारी न दिसता घशात विषाणू बाळगून फिरतात. कापऱ्या तसला असावा. ढगे, पारिसे, नेहारे या तिघांकडे तो महिनाभरात गाई लावायला गेल्याची नोंद होती, घर तर त्याचं स्वतःचंच. पाचपैकी चार कळप जुळले.

"आणि इंगळे?" ती स्वतःशीच म्हणाली.

"इंगळेकडं म्हशी हायेत, बाई," कवडू दारातून बोलला. "गवळाऊ सांड म्हशीकडं कायले जाईन?"

उरलेले सात टक्के ते हेच होते. यंत्रानं इंगळेंच्या म्हशी बाजूला ठेवून दिल्या होत्या.

तिनं अक्षरं तपासायला घेतली. आणि जसजशी ती खाली जात गेली तसतसा तिला उकाड्याचा विसर पडला. ढग्याच्या कोठ्यातल्या लाली नावाच्या गाईत तीन खास चुका होत्या. त्याच तीन चुका पारिसेंकडे होत्या, नेहारेंकडे होत्या, इंगळेंच्या म्हशींत होत्या, डोमाजीकडेही होत्या. त्यानंतर प्रत्येक कळपाच्या स्वतःच्या वेगळ्या चुका. एका कळपातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा रोग गेला असता तर वंशावळ जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसली असती. ही एकाच मनगटातून फुटलेल्या चार बोटांसारखी होती.

मुख्य गोष्ट पुढेच होती. मनगट आणि बोटं यांच्यामध्ये एकही चूक पडलेली नव्हती. कापऱ्यानं घशात विषाणू बाळगला असता तर तो तिथं वाढला असता, नकला झाल्या असत्या, अक्षरं बदलली असती. इथं मधे विषाणू वाढलाच नव्हता. कुणीतरी लालीच्या तोंडातून तो उचलला होता आणि जसाच्या तसा चार दारांत नेऊन ठेवला होता. तोही फार थोड्या वेळात, कारण उघड्यावर, असल्या उन्हात तो तास दोन तासही टिकला नसता.

"कवडूभाऊ, ढग्याकडून पारिसे, नेहारे, इंगळे आणि तिथून टेकडीवर. एका दिवसात कोण जाईल?"

कवडू हसला. "आपुनच गेलो नाई का सोमवारी! माया कंबरेचा काटा ढिला झालता त्या दिवशी."

तिनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

नियमावलीच म्हणत होती तसं. पहिलं आजारी जनावर सापडलं की दहा किलोमीटरच्या आतले सगळे कळप अठ्ठेचाळीस तासांत तपासायचे. तालुक्याला डबी एकच, डॉक्टर एकच, म्हणून सगळीकडे तिनंच जायचं. तिनं दौऱ्याची नोंद उघडली. सोमवार. सकाळी आठला मोहाडचा कळप: निरोगी, आजही निरोगी. साडेनऊला ढगे. तिथं लालीची जीभ बाहेर ओढली तेव्हा फोड फुटला होता आणि गाईनं श्रावस्तीच्या तोंडावरच जोरात फुरफुर केली होती. अकराला पारिसे. साडेबाराला नेहारे. दोनला मानकर. साडेतीनला इंगळे. पाचला अवथळे. मंगळवारी आणखी सहा कळप, आणि ते सगळे ठणठणीत.

मानकर मधे कसा वाचला?

"मानकराच्या कोठ्यात तुमी उतरल्याच नाई," कवडूला आठवलं. "तुमची साहेबांसंगं फोनवर मीटिंग चालू होती. लाळ मीच घेऊन आलो."

म्हणजे बूट नव्हेत, गाडी नव्हे, कवडूही नव्हे. तो तर मानकराच्या गुरांत फिरून आला होता. बूट सोड्यानं धुतले जात होते, अंगरखे दर ठिकाणी बदलले जात होते. धुतलं गेलं नव्हतं असं एकच राहत होतं. माणसाला हा रोग सहसा होत नाही, म्हणून नियमावलीत माणसाच्या नाकाचा कुठं उल्लेखच नव्हता. पण आजारी जनावराच्या श्वासातला विषाणू माणसाच्या नाकात एखादा दिवस नुसता बसून राहू शकतो, वाढत नाही, फक्त बसतो, असं तिनं कॉलेजात कुठल्याशा जुन्या प्रयोगाबद्दल वाचलं होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नव्हता.

दोन वासरं, ती मनात म्हणाली. ती वासरं सोमवारी पाच वाजता तिच्याच हातून गुळाचा खडा खाऊन गेली होती.

पण हा अजून अंदाजच होता. सोमवारचं तिचं नाक आता कुठून आणायचं?

ते तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात होतं. बर्ड फ्लूच्या भीतीनं खात्यातल्या माणसांना दर सोमवारी संध्याकाळी नाकात फिरवलेली कापसाची काडी तपासणीला द्यावी लागे, आणि त्या काड्या पंधरा दिवस फ्रीजरमध्ये ठेवल्या जात. तिथल्या प्रयोगशाळेत फरझाना शेख होती, श्रावस्तीसोबत डबा खाणारी मैत्रीण.

"स्वतःची काडी परत मागायला आलेली तू पहिलीच," फरझाना म्हणाली. "तुझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, बाई. फ्लू नाही तुला."

"फ्लू बघायचाच नाही मला."

तिनं अर्धी काडी कापून डबीत घातली. डबीनं विचारलं, 'जनावराचा बिल्ला क्रमांक?' बारा आकडे भरल्याशिवाय ती पुढं जाईना. श्रावस्तीनं दोन शून्यं टाकून पुढं स्वतःचा मोबाइल नंबर भरला. फरझाना आधी हसली, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली.

चाळीस मिनिटं दोघी स्टुलांवर बसून राहिल्या. आपला अंदाज खोटा निघावा असं श्रावस्तीला वाटायला हवं होतं, आणि तसं वाटतही होतं. पण त्याहून खोल कुठंतरी तिला ते कोडं सुटलेलं बघायचं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

पडद्यावरची वंशावळ हलली. मनगट आणि बोटं यांच्यामध्ये, जिथं आजवर रिकामी जागा होती, तिथं एक ठिपका उमटला. लालीच्या तिन्ही चुका होत्या, चौथी एकही नव्हती. खाली अक्षरं आली. 'नवीन जनावर. प्रजाती: अनिश्चित. साथीचा प्रसार याच जनावराकडून. खात्री ९९ टक्के. विलगीकरण तळावर रवानगीची शिफारस.'

"अगं," फरझाना हळूच म्हणाली, "हे तर तुलाच तळावर पाठवतंय."

जिल्ह्याचे उपायुक्त डॉ. खापेकर यांना तिनं तिथूनच फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधे दोन नेमके प्रश्न विचारले. ते हुशार होते, आणि नियमावली लिहिणाऱ्यांपैकी एक होते.

"रामटेके, तू चुकली नाहीस," ते शेवटी म्हणाले. "नियमात होतं तेच केलंस. सोमवारचा दौरा मीच मंजूर केला होता."

"म्हणूनच सांगतेय, सर. दर साथीत आपण हेच करतो."

"मला कळतंय ते. तुला कळतंय का, हे पाठवलंस तर पहिली चौकशी तुझी होईल? तू दिवाळीनंतर कायम व्हायची आहेस. अहवालात मनुष्य असा रकानाच नाही. कुठं बसवणार हे? दुसरा रस्ता आहे. खात्री कमी असल्याचं दाखवून निकाल अनिर्णीत ठेव. अवथळेंचा कळप वाचतो. नियमात दुरुस्ती मी हळूहळू करून घेतो."

श्रावस्तीला तो रस्ता वाईट वाटला नाही. खरं म्हणजे फार बरा वाटला. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. कवडू गाडीच्या सावलीत उकिडवा बसून तंबाखू मळत होता.

"हळूहळू म्हणजे किती, सर?"

"वर्ष. दोन."

"आणि तोवर पुढची साथ आली की अठ्ठेचाळीस तासांत मी पुन्हा सगळ्या कोठ्यांत जायचं."

तिनं खिडकीकडे पाठ केली.

"सर, अनिर्णीत म्हटलं तर वामन ढगे जन्मभर डोमाजीकाकांकडेच बोट दाखवेल. आणि खरं काय ते मला माहीत असेल. निकाल आहे तसाच पाठवते."

"पाठव," खापेकर म्हणाले. त्यांचा आवाज थकला होता, पण रागावलेला नव्हता. "माझ्या नावानं थेट पाठव. आणि चार दिवस कुठल्याही जनावराजवळ जाऊ नकोस. हे मी तोंडी सांगतोय. नियमात यायला वेळ लागेल."

तिनं अहवालात बिल्ला क्रमांकाच्या जागी तेच बारा आकडे ठेवले आणि शेऱ्यात लिहिलं, 'हा क्रमांक निम्नस्वाक्षरीकर्तीचा आहे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबरविहीरला गेली, पण गाडी तिनं कुंपणापासून पन्नास पावलांवर थांबवली आणि रस्त्यातच उभी राहिली. आदल्याच दिवशी ती आजारी गुरांत होती. डोमाजी बाहेर आला.

"या ना बाई, दूर काहून उभ्या?"

"काका, तिथंच थांबा. मी आत येऊ शकत नाही."

आणि तिनं तिथूनच, मोठ्या आवाजात, सगळं सांगितलं. लालीपासून नाकातल्या काडीपर्यंत. विज्ञान असं ओरडून सांगायची तिला सवय नव्हती. दोनदा शब्द चुकले, दोनदा पुन्हा सांगावं लागलं. तुळसाबाई कोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. 'रोग मी आणला' हे वाक्य आलं तेव्हा ती वळली आणि आत निघून गेली. आतून बादली आपटल्याचा आवाज आला. श्रावस्तीनं डोळे मिटले आणि उघडले.

डोमाजी विचार करत होता.

"म्हंजे कापऱ्या नाई."

"नाही. कापऱ्या जागचा हलणार नाही. वामनरावांना मी आज स्वतः फोन करते."

"ते मी पाह्यतो. त्याले फोन मीच करीन." तो थोडा पुढं आला, मग आठवून थांबला. "नाकात किती टिकते म्हंता?"

"एक दिवस. फार तर दोन."

"वाढत नाई?"

"नाही. नुसता बसतो."

"आन् बसला हे तुमाले समजलंबी नाई."

"नाही समजलं, काका."

त्यानं मान हलवली. रागावलाय की माफ करतोय हे तिला कळेना. बहुधा तो दोन्ही करत नव्हता. त्याचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं.

"बाई, मायी एक बहीण हाय. शेवंता. तिकडं वाकीत दिली, पल्याडच्या तालुक्यात. मागच्या सालच्या आखाडीत तिच्या गावात हाच रोग आलता. तिचीबी गुरं अशीच सगळ्यायच्या मागून पडली. खबऱ्यानं तिचं नाव काढलं, बावीस जनावरं तळावर नेली. गाव बोलत नाई तिच्यासंगं अजून. तिथंबी कोणी डॉक्टर गेलाच असंन ना, कोठ्याकोठ्यानं?"

श्रावस्तीला हे सुचलंच नव्हतं. काल दुपारपासून तिनं आपला एकच सोमवार हजारदा मनात फिरवला होता. चार वर्षांत, किती तालुक्यांत, किती सोमवार झाले असतील, याचा विचार तिनं केला नव्हता.

जुन्या साथींच्या वंशावळी खात्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुल्या होत्या. फक्त कुणी उघडून बघत नसे, कारण निकाल तर आधीच लागलेला असे. तिनं मोबाइल काढला, गाडीच्या बॉनेटवर टेकवला, पडद्यावर हाताची सावली धरली आणि वाकी शोधलं. गेल्या वर्षीचा आषाढ. सहा कळप. तिनं दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

एक मनगट होतं आणि पाच बोटं. मधे अक्षराची एकही चूक नव्हती.

"जनावरं कुठं आहेत आता?" तिनं ओरडून विचारलं.

"तळावरच. अजून सात महिने काढाचे हायेत."

"सगळी जिवंत आहेत?"

"हावो, हायेत. महिन्यातून एक डाव जाऊन पाह्यते ती, जाळीच्या बाहेरून."

"मग मला शेवंताबाईंचा नंबर द्या. आत्ता."

डोमाजीला पाठ नव्हता. तो कोठ्याकडे वळला आणि त्यानं बायकोला हाक मारली. मग तुळसाबाई बाहेर आली, ओले हात लुगड्याला पुसत कुंपणापर्यंत चालत आली, श्रावस्तीकडे सरळ बघत उभी राहिली आणि खणखणीत आवाजात एकेक आकडा सांगू लागली.